झेंडू कुठून आला?

दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत पुण्यात बिबवेवाडीहून स्वारगेटला जायचं असेल तर मार्केट यार्डाचा रस्ता टाळा, असं इथला कुठलाही रिक्षावाला सांगेल. यवत-पुरंदरकडून झेंडूचे टेम्पो रात्रीच येऊन लागलेले असतात. फुलबाजारात जागा उरत नाही, ढीग बाहेर रस्त्याच्या कडेला येतात आणि गंगाधाम चौकापर्यंत गाड्या तुंबतात. मोठ्यांनी खुशाल टाळावा तो रस्ता. मुलांना मात्र याच दिवसांत तिथे न्यावं, चांगला पाच किलो झेंडू घासाघीस करून घ्यायला लावावा आणि घरी आल्यावर पृथ्वीचा गोल समोर ठेवून विचारावं, हे फूल कुठलं?

‘सासवडचं’ असं उत्तर येईल. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. झेंडूचं कूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. कोलंबसानंतर तो जहाजांतून जगभर पसरला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे आला, असं मानलं जातं. म्हणजे दाराच्या तोरणातला आंब्याचा पाला इथला, आणि त्यात ओवलेलं फूल अटलांटिकपलीकडचं. दसरा त्याआधीही होत होताच. आपट्याची पानं होती, शमी होती, सीमोल्लंघन होतं. झेंडू मागून आला आणि घरचा झाला.

आता गोलावर मेक्सिको शोधून द्यावा आणि तिथे या फुलाचं काय करतात ते सांगावं. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे गेलेल्या माणसांचा सण असतो. घरात एक वेदी मांडतात, तिच्यावर आजी-आजोबांचे फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ, पेलाभर पाणी, मेणबत्त्या, खास त्या दिवसासाठी भाजलेला गोड पाव. झेंडूच्या पाकळ्या दारापासून वेदीपर्यंत अंथरतात, रंग आणि वास यांच्या खुणेनं आत्म्यांना घर सापडावं म्हणून. युनेस्कोनं २००८ साली हा सण मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला.

इथे मूल आपणहून म्हणतं, ‘हे तर पितृपक्षासारखंच!’ बहुतेक पालक आणि शिक्षक त्यावर खूश होऊन थांबतात. ‘बघ, सगळीकडे माणसं सारखीच’ असं म्हणून विषय संपवतात. माझं म्हणणं असं की शिकवणं इथून पुढे सुरू होतं. सारखेपणा मुलाला आत घेतो, पण शिकण्यासारखं जे असतं ते फरकात असतं. पितृपक्षात आपण लग्न ठरवत नाही, नवी खरेदी टाळतो, घरात एक आवरलेपण असतं. मेक्सिकोत त्या रात्री स्मशानात सहकुटुंब जातात, थडगी फुलांनी सजवतात, वाजंत्री असते, मुलांच्या हातात साखरेच्या कवट्या असतात आणि त्यांच्यावर कधी कधी जिवंत मित्राचं नाव लिहिलेलं असतं. आपल्याकडे हे कुणाच्या घरी केलं तर काय होईल, हे मुलाला विचारून पाहावं. दोन समाज गेलेल्यांची आठवण काढतात, पण मरणाशी त्यांचं बोलणं वेगळ्या सुरात चालतं. दहा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. कळत नाही असं आपल्यालाच वाटत असतं.

शाळांमधून हल्ली ‘विश्व संस्कृती दिन’ साजरा होतो. चौथी ‘अ’ म्हणजे जपान, चौथी ‘ब’ म्हणजे मेक्सिको. आईच्या ओढणीचा किमोनो, पुठ्ठ्याची रुंद टोपी, आणि कापूस चिकटवलेला एस्किमो तर हमखास. (त्या लोकांपैकी अनेकांना हे नाव आवडत नाही आणि ते स्वतःला इनुइट म्हणवतात, हे त्या मुलाच्या चार ओळींच्या भाषणात कधीच नसतं.) फोटो झकास निघतात. मुलं शिकतात एवढंच की परकी माणसं म्हणजे पोशाख. परदेशातल्या मराठी आईबापांना हे चटकन कळतं. तिकडच्या शाळेत त्यांना दिवाळीवर दहा मिनिटं बोलायला बोलावतात, ते पणत्या आणि करंज्या घेऊन जातात, आणि शेवटी शिक्षिका वर्गाला सांगते की हा यांचा ख्रिसमस. वसुबारस गेली, यमदीपदान गेलं, भाऊबीज गेली. कुणी आपल्या सणाचं असं केलेलं आपल्याला खटकतं. मग तीच कसोटी आपण दुसऱ्याच्या सणाला लावावी. ज्याचा सण आहे तो माणूस वर्गात मागच्या बाकावर बसला असता, तर त्याला आपलं सांगणं ओळखू आलं असतं का?

झेंडूपेक्षाही भारी गोष्ट राजगिऱ्याची आहे.

एकादशीच्या दिवशी उपासाचं ताट मुलासमोर ठेवावं आणि त्यातला एकेक पदार्थ नकाशावर नेऊन सोडावा. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. ‘पेरूचा बटाटा’ म्हटलं की मुलं हसतात, हसू द्यावं, कारण आपलं पेरू हे फळही तिकडचंच आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. आज आपल्याकडे येणारा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडचा, आणि तिथला हा धंदा उभा राहिला तो १९४० च्या दशकात. शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं, हिरवी मिरचीही तिकडचीच. ज्या ताटाला आपण सर्वांत सोवळं समजतो त्यातलं बहुतेक सगळं पाचशे वर्षांपूर्वी या देशात नव्हतं. एखाद्या आजीला हे पटत नाही. तिच्याशी वाद घालू नये, खिचडी वाढून घ्यावी.

याच ताटातला राजगिरा मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या मुख्य धान्यांपैकी एक होता. सणाला ते राजगिऱ्याचं पीठ गोड पाकात मळून देवाची मूर्ती घडवत, तिची मिरवणूक काढत आणि शेवटी मूर्तीचे तुकडे करून सगळ्यांना खायला वाटत. स्पॅनिश लोकांनी १५२१ साली त्यांची राजधानी जिंकली. त्यांच्याबरोबर आलेल्या धर्मोपदेशकांना हे देवाला खाणं आपल्या चर्चमधल्या पवित्र भाकरीच्या विधीची विकृत नक्कल वाटली. त्यांनी ते विधी मोडून काढले आणि विधींबरोबर त्या धान्याचं महत्त्वही गेलं. तरी खेड्यांतून ते टिकलं. आज मेक्सिकोच्या रस्त्यांवर फुललेला राजगिरा मधात किंवा पाकात घोळून केलेली वडी मिळते. तिचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. मार्केट यार्डात किराणा भरताना राजगिऱ्याची जी वडी आपण घेतो, ती तिची सख्खी बहीण शोभेल.

ही गोष्ट किती वर्षांच्या मुलाला सांगावी, असं पालक विचारतात. सहा वर्षांच्या मुलाला वडी द्यावी आणि मेक्सिको दाखवावा, तेवढं पुरे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र जिंकणाऱ्यांनी सण मोडल्याचा भागही सांगावा. सण म्हणजे नुसती मजा, असं शिकवलेल्या मुलाला पुढे इतिहास वाचताना कळतच नाही की लोक सणांसाठी का भांडले आणि राजांनी सणांवर बंदी का घातली.

उपासावरून रोज्याकडे जाणं सोपं आहे. बिबवेवाडीच्या पलीकडे मोठ्या मुस्लिम वस्तीचा कोंढवा, आणि रमजानच्या तोंडावर मार्केट यार्डाच्या भुसार विभागात खजुराच्या पेट्यांची थप्पी लागते. पेट्यांवरची अक्षरं मुलांना वाचायला लावावीत, इराण, इराक, सौदी अरेबिया, ट्युनिशिया. मदिनेकडचा काळा अजवा, इराणचा मऊ कीमिया. वाळवंटातलं हे फळ खाऊन रोजा सोडायचा, अशी पैगंबरांपासून चालत आलेली रीत आहे. मग मुलाला विचारावं, आपला उपास आणि रोजा यांत काय फरक? आपल्याकडे काय खायचं याचे नियम, तिकडे केव्हा खायचं याचे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर तूप सोडून ‘आज उपास आहे’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना हा फरक मुलांनी जरा मोठ्यानं ऐकवावा.

एखादं चौकस पोर लगेच विचारतं, रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत कसा येतो? दिवाळी तर कधी मे महिन्यात येत नाही. जगातल्या निम्म्या सणांची किल्ली या प्रश्नात आहे, तेव्हा इथे घाई करू नये.

बारा चांद्रमासांचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं होतं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. मधले अकरा दिवस हिजरी कालगणना तसेच सोडून देते. म्हणून ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. आयुष्यात एका माणसाला रोजे थंडीतही घडतात आणि मे महिन्याच्या काहिलीतही. आपल्या पंचांगाला मात्र सण ऋतूला बांधून ठेवायचे असतात, म्हणून अकरा-अकरा दिवस साठत गेले की अधिक महिना घालतात. १९ वर्षांत ७ अधिक महिने घातले की चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब जवळजवळ जुळतो. २००४ साली अधिक श्रावण होता, २०२३ साली पुन्हा अधिक श्रावण आला, तो या १९ वर्षांच्या फेऱ्यामुळेच. ज्यू कालगणनेत हाच १९ आणि ७ चा हिशेब आहे. तिथे अदार नावाचा महिना दोनदा येतो. चिनी कालगणनेतही अधिक महिना असतो, आणि २०२३ सालचा त्यांचा अधिक महिना नेमका आपल्या गुढीपाडव्याच्या दिवशी, २२ मार्चला सुरू झाला. बाबिलोनी, ग्रीक, चिनी, भारतीय, सगळे आकाशाकडे पाहणारे लोक त्याच गणिताशी येऊन पोचले. लीप वर्ष शिकवताना शाळेत हे का सांगत नाहीत, मला कळत नाही.

यासाठी पुस्तक विकत आणायला नको. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी काढलेलं ‘कालनिर्णय’ भिंतीवर असतंच. आपण त्यात चतुर्थी आणि सुट्ट्या पाहतो. त्याच चौकोनांत मुस्लिम महिन्याचा आरंभ असतो, पारशी महिन्याचा आरंभ असतो. मुलाला एक रंगीत पेन्सिल द्यावी आणि एका महिन्यातले इतरांचे सण गोल करायला लावावेत. मग महिनाभर रोज रात्री गच्चीवर जाऊन चंद्र काढायचा. ईदच्या चंद्रकोरीची वाट पाहणं म्हणजे काय, हे त्या मुलाला सांगावं लागत नाही.

पेन्सिलीनं गोल केलेल्यांपैकी काही सण तर जिन्यातच भेटतात. बिबवेवाडी-कोंढवा रस्त्यावर आईमाता मंदिर हा बसथांबा आहे. रोज तिथे उतरणाऱ्या मुलांना विचारा, आईमाता कोण? फार थोड्यांना सांगता येतं. ती राजस्थानातल्या सीरवी समाजाची देवी, मूळ स्थान जोधपूरजवळच्या बिलाड्याचं. तिथल्या अखंड दिव्याच्या ज्योतीवर काजळीऐवजी केशर धरतं, अशी तिच्या भक्तांची श्रद्धा आहे. सीरवी मूळचे शेतकरी. त्यांच्यातले कितीतरी लोक दुकानदारीसाठी दक्षिणेकडे आले आणि देवीला घेऊन आले. जग शिकवायला निघालेल्या पालकांनी आधी या बसथांब्यावर उतरावं.

याच भागात जैनांची वस्ती मोठी आहे. गणपती बसतात त्याच्या आसपास श्वेतांबर जैनांचं पर्युषण संपतं. शेवटचा दिवस संवत्सरीचा. त्या दिवशी शेजारचे काका दारात येऊन ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात, किंवा हल्ली मोबाइलवर तसा संदेश धाडतात. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा. मूल गोंधळतं, काकांनी तर काहीच केलेलं नसतं! त्याला सांगावं की जगात आणखी एक समाज याच सुमाराला, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, असंच करतो. ज्यूंचा योम किप्पूर. जवळजवळ पंचवीस तासांचा निर्जळी उपास. देवाचा अपराध उपासानं आणि प्रार्थनेनं फिटतो, पण माणसाचा अपराध त्या माणसाकडे जाऊन क्षमा मागितल्याशिवाय फिटत नाही, अशी त्यांची शिकवण. इथेही फरक पाहावा. जैन सगळ्या जीवमात्रांची क्षमा मागतो, मुंगीचीसुद्धा. ज्यू माणूस ज्याला दुखावलं त्याच्या दाराशी जातो.

आणि ज्यूंसाठी इस्रायलला जायला नको. रास्ता पेठेत १९२१ साली बांधलेलं सक्कथ श्लोमो हे बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे. कॅम्पात डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, १८६७ साली पुरं झालेलं लाल विटांचं ओहेल डेव्हिड आहे, ज्याला सगळं पुणं लाल देऊळ म्हणतं. बेने इस्रायली शतकानुशतकं कोकणात अलिबागच्या परिसरात राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. मराठी ही त्यांची मायबोली. त्यांनी आपल्या सणांना ठेवलेली नावं ऐकली की मुलं थक्क होतात. नवीन वर्षाचा तो ‘नव्याचा सण’, नव्या धान्याची खीर करायची तो ‘खिरीचा सण’, आणि योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, दारं बंद करून आत प्रार्थनेत राहण्याचा. फाल्गुनाच्या सुमाराला येणाऱ्या पुरीमला ते ‘होळीचा सण’ म्हणत. मात्र त्या होळीत होलिका नव्हती, होती इराणच्या दरबारातली एस्तेर राणी, जिनं आपल्या लोकांची कत्तल टाळली. नवस फेडताना किंवा लग्नाआधी ते एलियाहू प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात, पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू घरात पोह्यांचा असा मान नाही. पुढे त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

परक्यांच्या सणाची ओळख मुलांना कशी द्यावी, याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला धडा हा आहे. या लोकांनी शेजाऱ्यांच्या भाषेत आपले सण सांगितले आणि तरीही ते आपलेच ठेवले.

उलटा धडाही याच शहरात आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. टिळक आणि रानडे त्यांत होते. गोपाळराव जोशींनी नावं छापवली आणि एका कप चहावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आज बिबवेवाडीतलं मूल नाताळात मित्राकडे केक खाऊन येतं आणि कुणी काही विचारत नाही. ही मोकळीक आपोआप मिळालेली नाही, हे मोठ्या मुलांना सांगायलाच हवं. १९४९ साली साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांच्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांच्या घरी राहावं, हे त्यांना हवं होतं. पोशाखस्पर्धा त्यांच्या मनात कुठेच नव्हती.

मॉरिशसमध्ये एकमेकांच्या सणांची ओळख सरकारी पातळीवरच घडते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या मराठी लोकांचे वंशज तिथे आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तशीच चिनी नववर्षाला, ईदला, तमिळांच्या कावडीला आणि नाताळालाही. तिथल्या शाळकरी पोराला जगातले सण वेगळे शिकवावे लागत नाहीत, सुट्ट्यांची यादीच ते काम करते.

आपल्याला थोडं काम करावं लागेल, पण ते फार नाही. वर्षात दहा देश उरकू नयेत, एक सण घ्यावा आणि त्याच्याशी महिनाभर राहावं. त्यातलं खाणं घरी करून पाहायला हरकत नाही. पूजा किंवा प्रार्थना मात्र खेळ म्हणून वर्गात करू नये, ती ज्याची आहे त्याच्याकडे जाऊन पाहावी. लाल देवळात जायचं तर आधी परवानगी काढावी लागते, तेव्हा वेळेत विचारा. चर्चमध्ये मागच्या बाकावर गप्प बसायला मुलांना आधी शिकवून न्या. ईदला शेजारी जाताना मुलाच्या हातात रिकामा डबा देऊ नका, आपल्याकडचं काहीतरी घालून द्या, आणि परत आल्यावर ‘काय खाल्लंस?’ यापेक्षा ‘काय वेगळं दिसलं?’ असं विचारा.